मराठी म्हणींमधला मार: चित्रात कोण, बोलण्यात कोण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पश्चिम इराणात, लोरेस्तान, कर्मानशाह आणि इलाम या प्रांतांत बोलल्या जाणाऱ्या लकी भाषेच्या म्हणींमध्ये हिंसेचे चित्रण कसे होते, या विषयाशी ओळख झाल्यावर मराठी म्हणींचाही तसा अभ्यास करावा असे आपल्याला वाटले. त्यासाठी मारणे, कापणे, जाळणे, ठेचणे अशा क्रियापदांची यादी करून आपण दोनशे म्हणी निवडल्या आहेत, आणि मराठी समाज हिंसेला मान्यता देतो की नाही, हे त्या मोजणीवरून ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. कोशाचे काम आणि म्हणींचे संकलन यांत माझी तीसेक वर्षे गेली; त्या अनुभवाच्या आधारे मी मराठीपुरते उत्तर देते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मराठी म्हणी ‘मारा’ असे क्वचित सांगतात. पाऊस, दुष्काळ किंवा सावकाराचे व्याज यांच्यासारखाच मार हाही जगात आहेच, असे धरून त्या दुसऱ्याच कशाविषयी तरी बोलत असतात. त्यामुळे हिंसा म्हणीच्या तात्पर्यात शोधली तर फारशी हाती लागत नाही; ती म्हणीच्या चित्रात, बहुधा कोपऱ्यात, कुणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी उभी असते.

‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ ही म्हण घ्या. शाळेतल्या कोणत्याही पुस्तकात तिचा अर्थ दिलेला असतो: जी गोष्ट अजून हाती आलेली नाही, तिच्यावरून आधीच भांडणे. अर्थ बरोबरच आहे. पण चित्र पुन्हा एकदा पाहा. तुरी अजून बाजारात आहेत, घरात डाळ नाही, वरण घट्ट करायचे की पातळ यावरून वाद झाला (निदान मी ऐकलेल्या गोष्टीत तरी वादाचे कारण हेच होते) आणि नवऱ्याने बायकोवर हात टाकला. म्हण हसते ती भटाच्या उतावीळपणाला. तुरी घरात आल्यानंतर त्याने मारले असते तर म्हणीला हसण्यासारखे काही सापडले नसते, म्हणजेच मार हा विनोदाचा विषयच नाही. अवेळी मारणे हा विनोद आहे. शिवाय हसणारे लोक भटाच्या घराबाहेरचे आहेत. गावाने ब्राह्मणाची केलेली ही थट्टा आहे आणि त्या थट्टेत भटीण केवळ यमकापुरती आली आहे. तिला काय लागले, कुठे लागले, हे विचारायला म्हणीत जागाच ठेवलेली नाही. ही म्हण आपल्या यादीत ‘हिंसेचे समर्थन’ या रकान्यात घालाल की ‘हिंसेचा उपहास’ या रकान्यात? दोन्ही चूक ठरेल. तिसरा रकाना आपल्याला करावा लागेल, आणि माझा अंदाज आहे की दोनशेपैकी बहुतेक म्हणी त्याच रकान्यात जाऊन बसतील.

क्रियापदांवरून म्हणी निवडण्याच्या पद्धतीबद्दल इथेच सावध करते, कारण मराठीत ‘मारणे’ हे क्रियापद फार फसवे आहे. आपण गप्पा मारतो, हाक मारतो, उडी, फेरी, मिठी, शिट्टी, थापा हे सगळे ‘मारतो’. त्यांत कुणालाही इजा होत नाही. याच क्रियापदात चोप देणे आणि जीव घेणे असे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्यांतला फरक पुष्कळदा प्रत्ययावर अवलंबून असतो: ‘त्याने कुत्र्याला मारले’ म्हटले तर कुत्रे केकाटत पळाले असावे, ‘त्याने कुत्रा मारला’ म्हटले तर ते मेले. म्हणींच्या त्रोटक, जुन्या वाक्यरचनेत हे बारकावे सहज निसटतात. उलट बाजूने पाहिले तर, जिथे एकही आक्रमक क्रियापद नाही तिथे भयंकर हिंसा असू शकते. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ या म्हणीत कुणी कुणाला बोटही लावलेले नाही, तरीही पोराची उपासमार दोन्ही बाजूंनी पक्की केलेली आहे. यादीच्या पद्धतीत ही म्हण सापडणार नाही, आणि ‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ ही निव्वळ हिमतीची म्हण मात्र हिंसक म्हणून गळाला लागेल.

आता या विषयातल्या सर्वांत समृद्ध भागाकडे येते. मारणाऱ्याच्या तोंडी शोभतील अशा म्हणी मराठीत आहेत, पण मार खाणाऱ्याच्या जागेवरून बोललेल्या म्हणी अधिक धारदार आहेत, आणि भाषेचे खरे कसब मला त्यांतच दिसते. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ हे चार शब्द पाहा. कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापदही नाही. एक हात तोंडावर आहे आणि दुसरा हात बुक्क्या घालतो आहे. त्यातही काठी किंवा चाबूक न निवडता बुक्की निवडली आहे, जिचे वळ उठत नाहीत. मार आणि त्याबद्दल बोलता न येणे हे दोन वेगळे त्रास नसून एकच कृती आहे, ही गोष्ट समजावून सांगायला अभ्यासकाला परिच्छेद लागतो.

दुसरी म्हण: ‘नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, राजाने छळले, तर दाद कुणाकडे मागायची?’ पाठभेद पुष्कळ आहेत. कुठे नवरा आणि पाऊस एवढेच दोघे येतात, कुठे क्रम बदलतो. मला तिच्यातले दोन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. पहिला असा की घरातली सत्ता, आभाळातली सत्ता आणि सिंहासनावरची सत्ता तिने एकाच ओळीत, एकाच तोलाने बसवल्या आहेत. दुसरा मुद्दा ‘दाद’ या शब्दाचा. हा शब्द फारसीतून आला आहे, मूळ अर्थ न्याय, फिर्यादही तिकडचीच. इराणी भाषांच्या वाटेने आपण या विषयाकडे आला आहात, म्हणून हे मुद्दाम नोंदवते. हा कचेरीतला शब्द असून म्हण तो स्वयंपाकघरात आणते आणि विचारते की इथे कचेरी कुठली? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. म्हणजे म्हणीच्या पहिल्या तृतीयांशाला उत्तर मिळायला एवढा काळ लागला. म्हण मात्र तशीच चालू आहे. ती मी एकदा रेशन दुकानाच्या रांगेत ऐकली, ज्येष्ठ बाईंच्या तोंडून, आणि ती होती अंगठ्याचा ठसा न जुळणाऱ्या यंत्राबद्दल. रांगेतले सगळे हसले. त्या हसण्यात नवऱ्याच्या माराचा विचार कुणाच्याही मनात आला नसेल, हे मी खात्रीने सांगते, कारण मी स्वतःही हसले होते.

‘पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका’ ही या गटातली तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत गैरसमज होणारी म्हण आहे. वरवर पाहता बोलणारा मार खायला तयार आहे, म्हणजे त्याने हिंसा मान्य केली, असा निष्कर्ष निघतो. पण ही मान्यता नसून सौदा आहे. गडी, कामगार, कुळ, नोकर असा जो कुणी हे बोलतो त्याच्याजवळ देण्यासारखे फक्त शरीर आहे, आणि त्या शरीराचा कोणता भाग तुडवू द्यायचा एवढीच निवड त्याच्या हातात उरली आहे. पाठीवरचा वळ उतरतो. गेलेली भाकरी घरातल्या सगळ्यांची जाते. ‘पोटावर पाय देणे’ हा वाक्प्रचार याच हिशेबातून समजतो. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ यातही तोच हिशेब आहे: डोके फुटणार हे ठरलेले आहे, फक्त कशाने ते विचारले जात आहे.

‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’ या म्हणीत मरणारी आणि खाणारा एकाच वाक्यात आहेत, हे तिचे वैशिष्ट्य. सुरीचा उल्लेखही नाही. कापण्याचा क्षण पूर्ण गाळून म्हण एकदम ताटापाशी येते, आणि तिथे झालेली कुरकुर हा तिचा विषय आहे. ज्याच्यासाठी कुणी जीव टाकला त्यानेच नावे ठेवावीत, हा अर्थ घरकाम करणाऱ्या सुनेपासून रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेपर्यंत कुणालाही लागू होतो, आणि म्हणूनच ती टिकली आहे. प्राण्यांच्या आडून बोलण्याची ही युक्ती मराठीत सर्वत्र आहे. ‘कसायाला गाय धार्जिणी’, ‘वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो’, ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ या म्हणींतले वाघ आणि सुसर कोण असतात, हे ऐकणाऱ्याला नाव न घेता कळते. पाटलाचे किंवा साहेबाचे नाव घेतले असते तर बोलणाऱ्याची धडगत नव्हती.

मारणाऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्या म्हणींमध्ये शिक्षणाविषयीच्या म्हणी अग्रभागी आहेत. ‘छडी लागे छमछम, विद्या येई घमघम’ मध्ये तर नादाने वेदनेचे पार पैंजण करून टाकले आहेत. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ ही म्हण आपण निम्मीच बोलतो. ‘मूर्खाला टोणप्याचा’ हा तिचा उरलेला भाग आता फारसा ऐकू येत नाही, आणि तो गळल्यामुळे एके काळी माणसांची प्रतवारी लावणारी म्हण आता अहिंसक सुविचार वाटते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्यात घाव घालणारा हात पाथरवटाचा आहे, म्हणजे निर्मात्याचा, त्यामुळे घावाला आपोआप पावित्र्य येते. दगडाने मात्र कधी देव व्हायचे म्हटले होते, हे कुणी विचारत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. त्यानंतर छडीची म्हण थट्टेत गेली, टाकीची म्हण मात्र सत्कारसमारंभाच्या भाषणांत भक्कम बसून आहे. म्हणून हिंसेची मान्यता शोधायचीच असेल, तर ती उघड छडीत शोधण्यापेक्षा या टाकीत शोधावी असे मला वाटते.

प्रतिकाराच्या म्हणींबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. एकच सूचना करते. ‘नाठाळाच्या माथी काठी’ हे जे सर्रास ऐकवले जाते, ते तुकोबांच्या एका ओळीचे अर्धुक आहे. ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ हा पूर्वार्ध आधी येतो, आणि ज्या अभंगात तो येतो त्याची सुरुवात विष्णुदास मेणाहून मऊ असल्याचे सांगून होते. लोकांनी मेण आणि लंगोटी सोडली आणि काठी तेवढी ठेवली. संतवचनाची म्हण होताना काय गळते, हे तपासणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. ‘साप मरावा, पण काठी मोडू नये’ ही लोकमुखातली म्हण त्या मानाने बेरकी आहे. तिला सापाची दया नाही की काठीचा अभिमान नाही, फक्त काठीच्या खर्चाची काळजी आहे.

इतिहासातून आलेले वाक्प्रचार म्हणींपासून वेगळे ठेवा, पण वगळू नका. तिथे आपल्याला हिंसा झिजताना दिसेल. कडेलोट ही एके काळची शिक्षा होती, माणसाला कड्यावरून ढकलून देण्याची, आणि रायगडावरचे टकमक टोक त्यासाठी प्रसिद्ध आहे. आज कडेलोट होतो तो सहनशीलतेचा. ‘सुळावरची पोळी’ म्हणजे जिवावर उदार होऊन मिळवायचा लाभ. सूळ गेला, पोळी राहिली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले त्याचे पुढे ‘पानिपत होणे’ असे क्रियापद झाले आणि ते निवडणुकीतल्या पराभवालाही चालते. तिथे पडलेल्या विश्वासरावांच्या नावावर कोटी करून ‘विश्वास गेला पानिपतात’ हे आजही कुणावर भरवसा न ठेवण्याच्या संदर्भात म्हटले जाते; एका तरुणाचा मृत्यू श्लेषात विरघळला. ‘ध चा मा करणे’ या वाक्प्रचाराबाबत मात्र थोडे थांबावे लागते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. पण ‘धरावे’ चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले ही लोकसमजूत आहे, आणि भाषेने नेमकी तीच जपून ठेवली. ज्याला दोषी धरले गेले त्याच्या नावाचा असा वाक्प्रचार झाला नाही. दोष अक्षर बदलणाऱ्या बाईच्या पदरात पडला. म्हणींतल्या हिंसेचा अभ्यास करणाऱ्याने यालाही हिंसाच म्हणावे की नाही, हे आपण ठरवा. मी म्हणेन.

याच ओघात जातिवाचक म्हणींचा प्रश्न येतो. जुन्या संग्रहांत, विशेषतः १८९९ साली ऑक्सफर्डहून निघालेल्या मॅन्वेरिंग यांच्या संग्रहात आणि १९४० च्या दशकात दाते-कर्वे यांनी दोन भागांत काढलेल्या वाक्संप्रदाय कोशात, आज उच्चारू नयेत अशा कितीतरी म्हणी नोंदलेल्या आहेत. त्यांत कुणी कुणाला मारत नाही. म्हण उच्चारणे हाच मार असतो. शालेय पुस्तकांनी त्या गाळल्या हे योग्यच झाले, पण संशोधनात त्या गाळल्या तर चित्र खोटे निघेल. त्या पूर्ण छापायच्या की केवळ निर्देश करायचा, हा विवेक आपल्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवावा. मी स्वतः अशा म्हणी वहीत पूर्ण लिहिते, व्याख्यानात उच्चारत नाही. मॅन्वेरिंग यांनी शेती, प्राणी, शरीर, अन्न, नाती अशी प्रकरणे पाडली आहेत. हिंसेला स्वतंत्र प्रकरण नाही, ती सगळ्या प्रकरणांत विखुरलेली आहे. आपली यादी तयार करताना हे विखुरलेपण मोडू नका, कारण मार कुठल्या प्रकरणात येतो (नात्यांत येतो की शेतीत, प्राण्यांत येतो की व्यवसायात) ही माहिती संख्येपेक्षा अधिक मोलाची आहे.

एक म्हण मात्र अशी आहे की तिचा विषयच हिंसेची सवय हा आहे: ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ काळ म्हणजे इथे यम, मृत्यू. दारात आलेल्या कुत्र्याला एकदा तुकडा टाकला की ते रोज येते, तसे मृत्यूला हे घर माहीत झाले, ही भीती आहे. सोकावणे हा शब्द त्यासाठी अचूक निवडला आहे. लाडावलेले जनावर सोकावते, तसा इथे यम सोकावतो. तरीही या विलक्षण शहाण्या म्हणीचा पहिला अर्धा भाग पुन्हा वाचा. म्हातारी मेल्याचे दुःख नाही. शहाणपण सांगायला एक बाई लागली, आणि ती अशीच निवडली की जिच्या मरणाने वाईट वाटणार नाही हे सर्वांना आधीच मान्य असावे.

प्रत्यक्ष कामाबद्दल सांगायचे तर दोनशे म्हणी फार झाल्या. तीस घ्या. प्रत्येकीसाठी वहीत चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: चित्रात कोण कोण आहे आणि कुणाला लागते, पुस्तकी अर्थ काय, आपण ती कुणाच्या तोंडून, कुणाला उद्देशून, कोणत्या प्रसंगी ऐकली, आणि ऐकणाऱ्याने काय केले, हसला, गप्प बसला की उलट म्हण टाकली. तिसरा आणि चौथा रकाना पुस्तकातून भरता येत नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण सासूने उच्चारली, सुनेने उच्चारली किंवा कार्यालयातल्या एखाद्या कारकुनाने साहेबांबद्दल उच्चारली, तर ती तीन निरनिराळी कामे करते. ‘हिंसेची म्हण सांगा’ असे मात्र कुणाला विचारू नका. लोक विचारात पडून शूर मावळ्यांविषयी बोलू लागतात. त्याऐवजी भांडणाचे, घरातल्या वाटणीचे, शाळेतल्या दिवसांचे बोलणे काढा. म्हणी आपोआप येतात आणि आल्या की त्या क्षणीच लिहाव्या लागतात, कारण सांगणाऱ्याला पाच मिनिटांनी आठवत नाही की आपण म्हण वापरली.

सुरुवात बाजारातल्या तुरींपासूनच करा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दहा-बारा निरनिराळ्या वयांच्या माणसांना ती म्हण ऐकवा आणि अर्थ न विचारता एवढेच विचारा की या गोष्टीत काय काय घडते. तुरी सगळे सांगतात, भट बहुतेक जण सांगतात. भटणीचे नाव कोण घेतो आणि किती उशिरा घेतो, ते लिहून ठेवा.